आधी गाव, मग आडनाव

मावशी, माझं माहेर सांगलीकडचं, सासर अमेरिकेत क्लीव्हलँडला. सासरे ८४ वर्षांचे आहेत. त्यांचे आजोबा १९०९ साली इथल्या पोलाद कारखान्यात कामाला आले. आपण स्लोव्हाक, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे, पण गाव कोणालाच सांगता येत नाही. जुन्या कागदांत एकावर हंगेरी, दुसऱ्यावर ऑस्ट्रिया, तिसऱ्यावर चेकोस्लोव्हाकिया. आडनाव न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस आयलंडच्या, म्हणजे आलेल्यांना तपासणाऱ्या ठाण्याच्या, साहेबाने बदललं असं म्हणतात. सासूबाई गेल्या. त्या बोहेमियन, म्हणजे चेक, घराण्यातल्या. त्यांच्या आजोबांच्या, जेम्स यांच्या, निधनाच्या बातमीचं चेक कात्रण आहे, त्यात गाव 'ल्होता उ पीस्कू' असं दिलंय. नकाशावर ल्होता संपता संपत नाहीत. डीएनए चाचणीतून 'पूर्व युरोप' एवढंच निघालं. पत्र्याच्या एका डब्यात प्रार्थनेचं पुस्तक आणि लग्नाचा फोटो आहे. फोटोमागे 'एपेर्येश' असं छापलंय, फोटोग्राफरचं आडनाव असावं. माझ्या ११ वर्षांच्या मुलीने वंशवृक्ष काढायला घेतलाय. माझ्या बाजूच्या आठ पिढ्या भरल्या, बाबांची बाजू चौथ्या ओळीत थांबली. सासरे म्हणतात, गरीब माणसं होती, त्यात काय बघायचं? नणंद म्हणते, तू कशाला खपतेस? बाहेरून आलेल्या सुनेने हे उकरावं का?
– क्लीव्हलँडची सून

मावशी म्हटलंस, तेव्हा एकेरीतच लिहिते.

नणंदेच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात सलत राहिला तर पुढचं काही हातून व्हायचं नाही. तुझ्या माहेरी नवरात्रातली माळ कशी बांधायची, कुलदैवताला नैवेद्य कशाचा, मूळ गाव कुठलं, हे कोणाला पाठ असतं? घरात जन्मलेल्यांना ते आयतं मिळालेलं असतं, म्हणून त्यांच्या हातून सुटतं. सुनेला ते सासूजवळ बसून शिकावं लागतं, म्हणून तिच्याकडे टिकतं. तू तेच करते आहेस. निःशंक मनाने कर. फक्त सासऱ्यांच्या अपरोक्ष काही करू नकोस. माणसं त्यांची आहेत, आणि त्या आजोबांना डोळ्यांनी पाहिलेला घरातला शेवटचा माणूस तेच आहेत.

मी हे अनुभवाने सांगते आहे. माझ्या जावयाचं घराणं पूर्व स्लोव्हाकियातलं. त्याच्या पणजोबांच्या शोधात मी चार हिवाळे या जुन्या वह्यांमध्ये काढले आहेत.

आता तुझा डबा. फोटोची मागची बाजू तू उतरवून पाठवलीस हे फार चांगलं केलंस. एपेर्येश हे आडनाव नाही, ते शहर आहे. आज त्याला प्रेशोव्ह म्हणतात. स्लोव्हाकियाचा सगळा मुलूख १९१८ पर्यंत हंगेरीच्या राज्यात होता, त्यामुळे प्रत्येक गावाला निदान दोन नावं, आणि शहर असेल तर तिसरं जर्मनही. कोशित्से म्हणजे काश्शा, ब्रातिस्लावा म्हणजे पोझोन्य आणि जर्मनांचं प्रेसबुर्ग. पण प्रेशोव्ह हेच मूळ गाव असं धरून बसू नकोस. खेड्यातली माणसं लग्नाचा फोटो काढायला जवळच्या बाजारपेठेच्या शहरात जायची. म्हणजे या फोटोने तुला गाव दिलं नाही, पण शोधायचा मुलूख दिला. त्या भागाला शारिश म्हणतात. हंगेरियन कागदांत शारोश. हा शब्द कुठेही दिसला की थांब.

तीन देशांचं कोडंही इथेच सुटतं. आजोबा ज्या गावात जन्मले ते गाव जागचं हललं नाही, राज्यं बदलली. अमेरिकेच्या १९१० च्या जनगणनेत जन्मस्थान हंगेरी लिहिलेलं असेल. ऑस्ट्रिया-हंगेरी असं जोडराज्य होतं, म्हणून कोणी सोयीने नुसतं ऑस्ट्रिया लिहायचं. २८ ऑक्टोबर १९१८ ला चेकोस्लोव्हाकिया जन्माला आला, मग १९२० च्या कागदावर तो. आणि १ जानेवारी १९९३ पासून स्लोव्हाकिया वेगळा. तुझ्या तिन्ही कागदांत खोटं कोणीच लिहिलेलं नाही. सासूबाईंची बाजू मात्र पहिल्यापासून वेगळी होती. बोहेमिया आणि मोराव्हिया ऑस्ट्रियाच्या अर्ध्यात, त्यामुळे तिथले कायदे, वह्या, कारकुनांची भाषा, सगळंच निराळं. म्हणून 'चेकोस्लोव्हाक पूर्वज' असा एकच शोध करता येत नाही. दोन शोध करावे लागतात, दोन ठिकाणी. (तुझ्या लेकीला सांग, चेक आणि स्लोव्हाक मंडळींनी मिळून एक राज्य उभं करायचं असा पहिला करार १९१५ च्या ऑक्टोबरात तिच्याच क्लीव्हलँडमध्ये झाला.)

नाशिकला आपण गेलो की क्षेत्रोपाध्याय पहिला प्रश्न काय विचारतात? मूळ गाव कोणतं. आडनाव त्यानंतर. गाव सांगितलं की ते बरोबर ती वही काढतात आणि पाच पिढ्यांपूर्वी कोण येऊन गेलं ते वाचून दाखवतात. मध्य युरोपातही अगदी हेच आहे. संपूर्ण देशाची एकत्र सूची नाही, वह्या गावोगावच्या चर्चच्या. गाव नसेल तर आडनावाचा काही उपयोग नाही. गाव मिळालं तर आडनाव चुकीचं असलं तरी माणूस सापडतो.

तेव्हा गाव आधी अमेरिकेतच शोध. तीन कागद बघ. पहिला, जहाजाची यादी. १९०९ च्या सुमाराच्या यादीत प्रत्येक प्रवाशाची ओळ दोन पानांवर पसरलेली असते. डाव्या पानावर नाव, वय, धंदा, 'वंश' या रकान्यात 'स्लोव्हाक', आणि मागे राहिलेल्या जवळच्या नातलगाचं नाव-गाव. बहुतेक लोक तेवढंच उतरवून घेतात. उजव्या पानावर जन्मस्थान असतं. ते पान पुढच्या चित्रात असतं, म्हणून हातचं निसटतं. दुसरा, नागरिकत्वाचा अर्ज. १९०६ च्या सप्टेंबरनंतरच्या अर्जांत जन्मगाव, जहाज, तारीख सगळं विचारलेलं असायचं. तिसरा कागद कोणी सहसा सांगत नाही: १९४२ साली सरकारने ४५ ते ६४ वयाच्या पुरुषांचीही नावनोंदणी करून घेतली होती, लढाईवर पाठवण्यासाठी नव्हे, मनुष्यबळ मोजायला. आजोबा तेव्हा त्या वयाचे असतील तर त्यांचं कार्ड असणार, आणि त्यावर जन्मस्थानाचा रकाना आहे.

शिवाय क्लीव्हलँडच्या स्लोव्हाक चर्चची लग्नाची वही बघ. आपल्या माणसांचा पाद्री आपल्याच मुलखातला, त्याला 'हंगेरी' लिहून समाधान व्हायचं नाही. अशा चर्चच्या नोंदींत पुष्कळदा वधू-वरांचं गाव आणि परगणा दोन्ही असतात. तसंच बिरादरीच्या विमासंस्था. कारखान्यात माणूस मेला तर विधवेला चार पैसे मिळावेत म्हणून या लोकांनी आपापसांत संस्था काढल्या. फादर श्टेफान फुर्देक यांनी १८९० साली क्लीव्हलँडलाच उभी केलेली 'येदनोता' त्यातली मोठी. सासऱ्यांना विचार, आजोबा कुठल्या 'लॉज'चे, म्हणजे अशा संस्थेच्या शाखेचे, सभासद होते का. हा शब्द ऐकून त्यांना काहीतरी आठवेल असं मला वाटतं.

एलिस आयलंडची कथा मात्र सोडून दे. याद्या तिथे लिहिल्याच जात नव्हत्या. बोट सुटायच्या आधी कंपनीचा कारकून ती भरायचा आणि न्यूयॉर्कचा अधिकारी तीच हातात घेऊन प्रश्न विचारायचा. आडनावं बदलली ती नंतर: कारखान्याच्या हजेरीपटावर, शाळेत, आणि फार वेळा माणसाने स्वतःच शेजाऱ्याला उच्चारता यावं म्हणून. तेव्हा यादीत आजचं स्पेलिंग शोधू नकोस.

इथे तुला एक हत्यार आहे जे तुझ्या नणंदेकडे नाही. सासऱ्यांना त्यांच्या आजोबांसारखं आडनाव उच्चारायला लाव आणि ते देवनागरीत लिही. मग त्यावरून स्पेलिंगं काढ. हंगेरियन लिखाणात साधा 'एस' म्हणजे श, 'एस-झेड' म्हणजे स आणि 'सी-एस' म्हणजे च. स्लोव्हाक लिखाणात च आणि शच्या डोक्यावर छोटी खूण असते, ती अमेरिकन कारकुनाने गाळलेली असते. कोवाच हे साधं लोहाराचं आडनाव, पण त्याची मी स्वतः सात रूपं पाहिली आहेत. कानाला सगळी एकच. बायकांच्या आडनावाला 'ओवा' लागतं, कोवाचोवा, जसं आपल्याकडे पाटलाची पाटलीण. नावांचंही तसंच. हंगेरियन वहीत यानोश, लॅटिनमध्ये योआन्नेस, घरात यान, आणि क्लीव्हलँडला जॉन, हा एकच माणूस. श्टेफान तिथे इश्तवान होतो. आणि जेम्स! चेक माणूस अमेरिकेत जेम्स झालेला दिसला की मायदेशी तो बहुधा वात्स्लाव असतो. सासूबाईंच्या आजोबांना त्या नावाने शोध.

गाव मिळालं की फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर जा. स्लोव्हाकियातल्या चर्च आणि सिनेगॉगच्या वह्यांची चित्रं तिथे आहेत, फुकट आहेत, नुसतं खातं उघडावं लागतं. काही चित्रं फक्त त्यांच्या केंद्रात बसून दिसतात. वहीला तिकडे मात्रिका म्हणतात. हंगेरीच्या राज्यात सरकारी जन्म-मृत्यू नोंद ऑक्टोबर १८९५ पासून सुरू झाली. आजोबा त्याच्या आधीचे, तेव्हा त्यांची नोंद चर्चच्याच वहीत असणार. लहान गावाला स्वतःचं चर्च नसेल तर शेजारच्या गावच्या वहीत बघायचं. शारिशच्या काही गावांची १८६९ ची हंगेरियन जनगणनाही तिथेच आहे. त्यात घर धरून सगळं कुटुंब एका पानावर भेटतं, गुरांसकट.

पानाला घाबरू नकोस. भाषा लॅटिन नाहीतर हंगेरियन, पण रकाने ठरलेले: तारीख, मुलाचं नाव, औरस की अनौरस, आई-बाप, घर क्रमांक, धर्माचे आई-बाप, पाद्री. पंधरा-वीस शब्द ओळखीचे झाले की भागतं. अक्षर जर्मन वळणाचं असेल तर ते मोडीसारखं धर. आपल्या पणजोबांचे मोडी कागद आपल्याला वाचता येत नाहीत, तसेच आजच्या जर्मनांनाही त्यांचे वाचता येत नाहीत. दोन्हीकडे बाराखडी समोर ठेवून आठवडाभर गिरवलं की डोळे उघडतात.

घर क्रमांकाची गोष्ट थोडी सविस्तर सांगते, कारण त्यात मी सात महिने गमावले. जावयाचा पणजोबा यान. गाव मिळालं, साल जुळलं, बापाचं नाव जुळलं, मी आनंदाने त्याच्या वर तीन पिढ्या चढून गेले. एका संध्याकाळी सहज तेच पान मोठं करून पाहिलं, तर त्या बाळाच्या नावामागे शाईचा बारीक क्रॉस होता, केसाएवढा, आणि शेजारी तारीख. बाळ गेलं की पाद्री जन्माच्याच नोंदीशी तशी खूण करायचे. माझा यान चौदा महिन्यांचा असताना गेला होता. त्याच गावात, त्याच आडनावाच्या दुसऱ्या घरात, अकरा महिन्यांनी दुसरा यान जन्मला होता, त्याच्या बापाचंही नाव तेच. एक घर २३ नंबरचं, दुसरं ४१. पुढच्या-मागच्या भावंडांचे क्रमांक लावून पाहिले असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. मी चढले होते ते सगळे पूर्वज दुसऱ्याच कोणाचे. आणि ४१ नंबरच्या घरातली आठ बाळं मोजली, तर पाचांपुढे क्रॉस. जावई बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, सगळी नावं लिहून ठेवा, पाचही.

सासऱ्यांच्या 'त्यात काय बघायचं' या वाक्याला मी एवढंच उत्तर देईन. त्यांना वाद घालून पटवू नकोस, पान दाखव.

आता ल्होता. तुझ्या कात्रणात उत्तर आहे, ते फक्त व्याकरणात लपलंय. 'उ' म्हणजे जवळ. आणि 'पीस्कू' हे पीसेक या शहराचं सामान्यरूप. आपण पुणे म्हणतो, पण जवळ लावलं की पुण्याजवळ होतं, तसंच. म्हणजे दक्षिण बोहेमियातल्या पीसेकजवळची ल्होता. तरी तिथेही ल्होता एकच असेल असं धरू नकोस, आपल्याकडे वडगाव विचारल्यासारखं आहे ते. चेक भाषेत ल्हूता म्हणजे मुदत. मध्ययुगात जंगल तोडून वस्ती करणाऱ्यांना काही वर्षं सारा माफ असायचा, ती मुदत, आणि तशा वस्त्यांची नावं ल्होता पडली. शिवकाळात ओसाड गाव वसवायला कौल देत, त्याच जातीची ही गोष्ट.

चेक बाजूला काम पुष्कळ सोपं आहे. जुन्या मात्रिका सरकारी विभागीय अभिलेखागारांत जमा झाल्या आहेत आणि त्यांची चित्रं फुकट बघता येतात. दक्षिण बोहेमियाच्या वह्या त्रेबोनच्या अभिलेखागाराकडे. वह्यांवर एन, ओ, झेड अशी अक्षरं दिसतील: जन्म, लग्न, मृत्यू. शंभर वर्षांच्या आतल्या जन्माच्या वह्या अजून गावच्या कचेरीतच असतात, पण तुला त्या लागणार नाहीत. १७७० च्या सुमाराला तिथल्या घरांना क्रमांक दिले, आणि १७८४ साली सम्राट दुसरा योसेफ याने जन्म, लग्न आणि मृत्यूच्या वह्या वेगळ्या ठेवायचा हुकूम काढला. त्यानंतरच्या नोंदींत घराचा नंबर हमखास मिळतो. अनेक खेड्यांत तोच नंबर आजही भिंतीवर आहे. तसंच १८२६ ते १८४३ च्या दरम्यान जमिनीची मोजणी झाली, तिचे रंगीत नकाशे चेक भूमापन खात्याने खुले ठेवले आहेत. त्यात लाकडी घर पिवळं आणि दगडा-विटांचं तांबडं. ल्होता नक्की झाली की लेकीला तो नकाशा काढून दे आणि घर तिलाच शोधू दे.

एक इशारा. दक्षिण बोहेमियात माणूस दुसऱ्याच्या शेतघरात घरजावई गेला किंवा ते घर विकत घेतलं, तर लोक त्याला त्या घराच्या नावाने ओळखू लागायचे आणि पोरांची नोंदही त्याच नावाने व्हायची. दोन सख्खे भाऊ, दोन आडनावं. आपल्याकडे एका घराण्यातला एक कुलकर्णी, दुसरा जोशी आणि तिसरा गावावरून नगरकर होतो, तेव्हा आपल्याला नवल वाटत नाही. तिथेही वाटू देऊ नकोस. नोंदीत दोन नावांच्या मधे 'वुल्गो' किंवा 'यिनाक', म्हणजे 'ऊर्फ', दिसलं तर दोन्ही नावं उतरवून घे.

डीएनएचे टक्के बाजूला ठेव. त्यातून गाव कधीच निघणार नाही. जुळलेल्या नातलगांची यादी मात्र बघ, त्यात कोणी प्रेशोव्हकडचं असेल तर साधं दोन ओळींचं पत्र लिही.

आणि कधीतरी बापाचा रकाना कोरा मिळेल. या खेड्यांत ते दुर्मीळ नाही. गरीब माणसाला लग्न करणंच परवडायचं नाही, बोहेमियात एके काळी त्यासाठी जमीनदाराची परवानगीही लागायची. पुष्कळदा आई-बापांनी मागाहून लग्न केलेलं असतं आणि पाद्र्याने समासात तसं लिहिलेलं असतं, म्हणून समास शेवटपर्यंत वाच. असं काही निघालं तर आधी सासऱ्यांना एकट्यांना सांग, मग नवऱ्याला. तक्त्यावर काय लिहायचं ते त्यांनी ठरवू दे. इंटरनेटवरच्या झाडावर तर त्यांना विचारल्याशिवाय काहीच चढवू नकोस.

या रविवारी मात्र कागद काढू नकोस. सासऱ्यांच्या हातात तो फोटो दे, फोनवर आवाज टिपायला लाव आणि बोलू दे. आजोबांना घरात काय म्हणायचे ते विचार. 'देदो' म्हणत असतील तर ठीक, पण 'द्झेदो' म्हणत असतील तर ते पूर्व स्लोव्हाकियातल्या बोलीशी जुळतं. नाताळ जानेवारीत व्हायचा का, तेही विचार, त्यावरूनही चर्चचा अंदाज येतो. आणि लहानपणी आजोबांबरोबर म्हटलेली प्रार्थना आठवते का ते बघ. शारिशमध्ये एकाच गल्लीत रोमन कॅथलिक, ग्रीक कॅथलिक (पोपला मानणारे, पण उपासना पूर्वेकडच्या पद्धतीने करणारे) आणि ल्यूथरन राहायचे, प्रत्येकाची वही वेगळी, आणि कुठली उघडायची ते प्रार्थनेवरून कळतं. 'ओत्चे नाश' नंतर त्यांच्या तोंडून 'इझे येसी' आलं, तर ती चर्चची जुनी स्लाव्ह भाषा, म्हणजे ग्रीक कॅथलिक वही. डब्यातल्या पुस्तकाची अक्षरं रशियन वळणाची असतील तर तीही तेच सांगते.

काय निघालं ते मला लिही. जहाजाच्या यादीचं उजवं पान सापडलं की त्याचं चित्रही पाठव, गावाचं नाव लागत नसेल तर आपण दोघी मिळून वाचू.